अ‍ॅडास असलेली गाडी नागपुरात चालवताना : भरवसा कुठे ठेवायचा आणि जबाबदारी कुणाची

नागपुरात आज शोरूममधून विकत घेता येईल अशी एकही गाडी स्वतःची स्वतः चालत नाही. हे सुरुवातीलाच सांगावं लागतं, कारण टेस्ट ड्राइव्हला गेलेला माणूस मनात वेगळंच काहीतरी घेऊन परततो. वर्धा रोडवर गाडी लेनच्या मधोमध राहते, पुढची कार हळू झाली की आपलीही हळू होते, ती निघाली की आपलीही निघते. मग संध्याकाळी घरी, शेजारी, ऑफिसात एकच वाक्य फिरतं, ‘गाडी आपोआप चालते जी!’ माझ्या मते या तंत्रज्ञानातला सगळ्यात मोठा धोका या समजुतीतच आहे. रडार, कॅमेरा आणि सॉफ्टवेअरचे दोष त्याच्या नंतर येतात.

अ‍ॅडास, म्हणजे चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणांचा संच, नीट वापरला तर जीव वाचवतो यावर माझा विश्वास आहे. आपल्या शहरानं तर तो सार्वजनिक बसमध्ये वापरून पाहिला आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये नागपुरात ‘आयरास्ते’ प्रकल्प सुरू झाला. इंटेल, हैदराबादची आयआयआयटी, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, महिंद्रा आणि नागपूर महापालिका त्यात एकत्र आले. शहर बसच्या काचेवर कॅमेरे बसवले, टक्कर होण्याआधी चालकाला इशारा मिळू लागला आणि वारंवार इशारे येतात अशा जागा अपघात घडण्याआधीच शोधायचा प्रयत्न झाला. त्या बसमध्ये यंत्रणा फक्त सावध करत होती. ब्रेक चालकाच्याच पायाखाली होता.

पूर्ण चालकरहित गाडीचा प्रश्न आपल्याकडे तूर्त तरी दूरच आहे. अशा गाड्या भारतात येऊ देणार नाही, असं नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये आयआयएम नागपूरच्या ‘झीरो माइल संवाद’मध्ये सांगितलं होतं. लाखो चालकांचा रोजगार जाईल, हे त्यांचं कारण. म्हणजे नागपूरकराला आज सांभाळायची आहे ती अर्ध्या वाटेवरची गाडी, आणि खरं तर हीच सांभाळायला जास्त अवघड. पूर्ण काम करणाऱ्या यंत्रावर सोपवून मोकळं होता येतं. बहुतेक वेळा काम करणाऱ्या आणि कधीतरी अचानक हात वर करणाऱ्या यंत्रावर सतत लक्ष ठेवावं लागतं, आणि माणसाचं लक्ष नेमकं अशाच वेळी उडतं.

१. आपली गाडी कोणत्या पातळीची आहे, ते नक्की करा

स्वयंचलनाच्या ० ते ५ अशा सहा पातळ्या जगभर मानल्या जातात. लेव्हल १ मध्ये गाडी वेग किंवा स्टिअरिंग यांपैकी एकच सांभाळते. लेव्हल २ मध्ये दोन्ही सांभाळते, पण रस्त्यावर नजर ठेवायची ती चालकानंच. लेव्हल ३ मध्ये ठरावीक परिस्थितीत गाडी स्वतः रस्ता पाहते आणि तिनं बोलावलं की चालकानं ताबा घ्यायचा. लेव्हल ४ ला ठरवून दिलेल्या भागात चालक लागत नाही. कुठेही, कधीही एकटी चालेल अशी लेव्हल ५ ची गाडी जगात अजून नाही.

आपल्याकडच्या एक्सयूव्ही ७००, हॅरियर, सफारी, क्रेटा, सेल्टोस, व्हर्ना, होंडा सिटी या गाड्यांच्या वरच्या व्हेरियंटमध्ये जे मिळतं ते फार तर लेव्हल २. लेव्हल ३ म्हणजे काय असतं ते मर्सिडीजच्या उदाहरणावरून कळेल. जर्मनीत २०२२ मध्ये एस-क्लासला ही सोय मिळाली, तीही फक्त ठरलेल्या महामार्गांवर आणि सुरुवातीला ताशी ६० किलोमीटरपर्यंतच. रस्ता पाहायची जबाबदारी कंपनी स्वतःकडे घेते तेव्हा ती किती अटी घालते ते बघा. तुमच्या गाडीच्या कंपनीनं ती जबाबदारी घेतलेलीच नाही.

मॉडेलच्या नावावर जाऊ नका, आपल्या व्हेरियंटमध्ये नेमकं काय आहे ते पाहा. एकाच मॉडेलच्या एका गाडीत अ‍ॅडाप्टिव्ह क्रूझ (पुढच्या गाडीपासून अंतर राखत वेग आपोआप कमी-जास्त करणारी सोय) पुढच्या गाडीमागे पूर्ण थांबेपर्यंत काम करतं, दुसरीत वेग एका मर्यादेखाली गेला की सुटून जातं. मॅन्युअल गिअरच्या गाड्यांत तर हे हमखास पाहावं. मग ओनर्स मॅन्युअलमधलं ‘मर्यादा’ किंवा ‘खबरदारी’ असं लिहिलेलं प्रकरण काढा. तिथे कंपनीनं स्वतःच लिहून ठेवलेलं असतं की थांबलेली वाहनं, आडवी जाणारी वाहनं, जनावरं, तीव्र वळणं, पाऊस आणि समोरून येणारं ऊन यांत यंत्रणा चुकू शकते. ती पानं घरात जो कुणी गाडी चालवतो त्याला समजतील अशा मराठीत एका कागदावर उतरवून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. तासाभराचं काम आहे.

२. परदेशातले दोन अपघात समजून घ्या

१८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यातल्या टेंपी शहरात उबरच्या स्वयंचलित चाचणी गाडीनं सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला उडवलं. तिचा मृत्यू झाला. तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळानं, एनटीएसबीनं, केलेल्या तपासात जे निघालं ते प्रत्येक अ‍ॅडास मालकानं वाचायला हवं. गाडीच्या सेन्सरला ती महिला धडकेच्या ५.६ सेकंद आधी दिसली होती. पण संगणक तिला कधी वाहन, कधी सायकल, कधी ‘इतर वस्तू’ समजत राहिला, आणि समज बदलली की ती कुठे निघाली आहे याचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून. झेब्रा क्रॉसिंग सोडून माणूस रस्ता ओलांडेल, याची सोयच त्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हती. ही गाडी मूळची व्होल्वोची, आणि तिची स्वतःची आपत्कालीन ब्रेकिंग यंत्रणा चाचणीसाठी बंद ठेवलेली होती. आणि लक्ष ठेवायला बसवलेली चालक फोनवर कार्यक्रम पाहत होती. कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही. चालकानं २०२३ मध्ये गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षांची परिवीक्षा मिळाली.

झेब्रा क्रॉसिंग सोडून रस्ता ओलांडणारी माणसं! इतवारीत, महालात, कॉटन मार्केटसमोर दुसरं काय दिसतं?

दुसरा अपघात ७ मे २०१६ चा, फ्लोरिडातल्या विलिस्टनजवळचा. ऑटोपायलटवर, म्हणजे कंपनीच्या चालक-मदत यंत्रणेवर, असलेली टेस्ला समोरून आडव्या जाणाऱ्या ट्रेलरखाली घुसली. ना यंत्रणेनं ब्रेक लावला, ना चालकानं. आडव्या वाहतुकीसाठी ती यंत्रणा बनवलेलीच नव्हती. उमरेड रोडवर किंवा काटोल रोडवर दुभाजकाच्या फटीतून कापसानं भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली निवांत आडवी येते, तेव्हा हाच प्रसंग तुमच्यासमोर उभा असतो. डिसेंबर २०२३ मध्ये टेस्लानं चालकाच्या लक्षावर अधिक कडक नजर ठेवण्यासाठी अमेरिकेत २० लाखांहून जास्त गाड्यांचं सॉफ्टवेअर रिकॉलखाली, म्हणजे सदोष गाड्या दुरुस्त करून देण्याच्या मोहिमेत, बदललं. चालकाचं लक्ष उडणं हा दोष आहे, हे तेव्हा नियामकांनीही मानलं.

३. काच, कॅमेरा, रडार : निघण्याआधीची पाहणी

अ‍ॅडासचे डोळे साधारण दोन ठिकाणी असतात. कॅमेरा आतल्या आरशामागे, काचेच्या वरच्या भागात. पुढचं रडार लोगोच्या मागे किंवा बंपरच्या जाळीत. काही स्वस्त यंत्रणा फक्त कॅमेऱ्यावर चालतात. आपल्याकडे या दोन्ही जागा झाकल्या जाण्याचे प्रकार अगदी घरगुती आहेत.

दसऱ्याचं घ्या. गाडी धुतली, हळदकुंकू लावलं, बॉनेटवर स्वस्तिक काढलं आणि झेंडूचं जाड तोरण लोगोवरून जाळीच्या दोन्ही टोकांना बांधलं. ओली फुलं आणि त्यात गुंफलेली चमकी पट्टी थेट रडारसमोर. गाडी सुरू केली की डॅशबोर्डवर पिवळी खूण आणि ‘समोरचा सेन्सर झाकलेला आहे’ अशा अर्थाचा संदेश. अनेक जण तो पाहून न पाहिल्यासारखं करतात, कारण आज पूजा आहे. पूजा अवश्य करा, मीही करतो. तोरण जाळीऐवजी बॉनेटच्या वरच्या कडेला बांधा आणि रस्त्यावर निघण्याआधी उतरवा. लिंबू-मिरचीसाठीही रडारसमोरची जागा सोडून दुसरी जागा बघा. बुलगार्ड तर लावूच नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे तो बेकायदा बदल आहे, रडारच्या आड येतो आणि पादचाऱ्याला जास्त इजा करतो.

फास्टॅगचा स्टिकर काचेच्या मधोमध, आरशामागे लावायची पद्धत आहे. अ‍ॅडासचा कॅमेराही तिथेच. घाईत टोलवर कुणी स्टिकर लावून दिला की कॅमेऱ्याच्या चौकटीत त्याची कड येऊ शकते. डॅशकॅम लावताना तेच. काचेला आतून हात लावून कॅमेऱ्यापुढचा भाग मोकळा आहे ना ते पाहा, शंका असेल तर सर्व्हिस सेंटरला फास्टॅगची जागा विचारून घ्या.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे काच बदलल्यानंतरचं कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेरा-रडारची दिशा नव्यानं अचूक जुळवणं. महामार्गावर गिट्टीच्या ट्रकमागे दगड उडाला, काचेला तडा गेला, बाहेरच्या दुकानात स्वस्तात नवी काच बसवली. गाडी दिसायला पूर्वीसारखीच, पण कॅमेऱ्याचा कोन किंचित बदललेला. इथला एक अंशाचा फरक पन्नास मीटरवर जवळपास एक मीटरचा होतो. गाडीला मग शेजारच्या लेनमधली कार स्वतःपुढची वाटू शकते. काच बदलली, बंपर काढून बसवला, पुढचा लोगो किंवा जाळी बदलली, सस्पेन्शनचं मोठं काम झालं, तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून कॅलिब्रेशन करून घ्या आणि बिलावर तसा उल्लेख लिहून घ्या. ‘आपोआप होते साहेब, थोडी चालवा’ एवढ्यावर निघून येऊ नका. काही गाड्यांत चालवता चालवता कॅलिब्रेशन होतं हे खरं, पण ते सुरू करून पूर्ण झाल्याची नोंद मशीनवर दिसावी लागते.

उन्हाळ्याचंही बोलायला हवं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. दुपारभर उघड्यावर उभ्या गाडीत काचेला चिकटलेला कॅमेरा इतका तापतो की काही गाड्यांत तो थंड होईपर्यंत यंत्रणा बंद राहते. अशा वेळी चालू होईस्तोवर तिची आठवणही ठेवू नका, नेहमीसारखी गाडी चालवा. पावसाळ्यात चिखलाचा एक शिंतोडा पुरतो, म्हणून लांबच्या प्रवासात पेट्रोल पंपावर काच पुसायला सांगाल तेव्हा पुढची जाळी आणि मागच्या बंपरचे कोपरेही ओल्या फडक्यानं पुसून घ्या.

४. काय कायम चालू ठेवायचं आणि काय नाही

अ‍ॅडासमध्ये दोन वेगळ्या स्वभावाच्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात आणि गोंधळ इथूनच होतो.

पहिला गट संकटात मदत करणारा : आपत्कालीन ब्रेक, धडकेचा इशारा, ब्लाइंड स्पॉटचा (आरशात न दिसणाऱ्या बाजूच्या जागेचा) दिवा, मागे घेताना आडव्या येणाऱ्या वाहनाची सूचना. तुम्ही गाडी चालवत असता, हे पाठीमागे जागे असतात. हा गट कायम चालू ठेवावा. शहरात फार पीं-पीं होते म्हणून लोक आपत्कालीन ब्रेकच बंद करून टाकतात, ते चुकीचं आहे. बहुतेक गाड्यांत इशाऱ्याची संवेदनशीलता कमी करता येते. ती ‘उशिरा’वर ठेवा, यंत्रणा चालू राहू द्या.

दुसरा गट तुमचं काम स्वतःकडे घेणारा : अ‍ॅडाप्टिव्ह क्रूझ आणि लेनच्या मध्यात ठेवणारं स्टिअरिंग. हा फक्त मोकळ्या, पट्टे स्पष्ट असलेल्या, दुभाजकाच्या रस्त्यावर वापरायचा. नागपूर शहराच्या हद्दीत तो वापरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. कारण पुढे येईलच.

आपत्कालीन ब्रेकबद्दल एक सावधगिरी. तो कधीकधी विनाकारण लागतो. पुढचा ऑटो वळून निघून गेलेला असतो आणि गाडीला अजून तो समोरच वाटतो. अशा वेळी धोका मागून येणाऱ्याचा, आणि आपल्याकडे मागून येणारा बहुधा दोन फुटांवर चिकटलेला दुचाकीस्वार असतो. कुणी फार चिकटून येत असेल तर लेन बदलून त्याला पुढे जाऊ द्या. हेल्मेटशिवाय जाणाऱ्या त्या पोराचं डोकं तुमच्या बंपरपेक्षा नाजूक आहे.

५. सराव कुठे आणि कसा करायचा

नवी गाडी घेतल्याबरोबर समृद्धीवर जाऊन बटण दाबू नका. आधी कमी गर्दीच्या रस्त्यावर, रविवारी सकाळी, शेजारी कुणाला तरी बसवून सराव करा. आउटर रिंग रोडचा मोकळा भाग किंवा मिहानकडचे रुंद रस्ते चालतील.

पहिली गोष्ट शिकायची ती बंद करण्याची. क्रूझ किती प्रकारे सुटतं? ब्रेक दाबून, बटण दाबून, स्टिअरिंग वळवून? प्रत्येक गाडीत उत्तर वेगळं असतं. काही गाड्यांत स्टिअरिंगला जोर दिला की लेनची मदत तात्पुरती सुटते आणि लगेच पुन्हा पकडते. बोटांना न पाहता बटण सापडायला हवं. दुसरी गोष्ट : सुटलं की काय आवाज येतो, काय दिसतं. अनेक गाड्यांत पट्टे दिसेनासे झाले की लेनची मदत गुपचूप जाते, फक्त छोटी हिरवी खूण करडी होते. ती खूण कुठे आहे ते पाठ करा. तिसरी : पुढच्या गाडीपासूनचं अंतर. ते नेहमी सगळ्यात जास्तवर ठेवा. मध्ये कुणीतरी घुसेल, घुसू द्या. गाडी पुन्हा अंतर करेल.

आपत्कालीन ब्रेक ‘लागतो का’ ते पाहण्यासाठी माणूस, दुचाकी किंवा पुठ्ठ्याचं खोकं पुढे ठेवून परीक्षा घेऊ नका. मुलांसमोर तर कधीच नको. ती मुलं उद्या स्वतः धावत पुढे येऊन बघतील.

६. नागपुरात दुसरा गट बंद का

वर्धा रोडवर डबल डेकर उड्डाणपुलाखालून जाताना बघा. वर पूल, त्यावर मेट्रो, खाली खांबांच्या सावल्या. उन्हातून सावलीत, सावलीतून उन्हात अशी गाडी जाते आणि कॅमेऱ्याची दृष्टी क्षणभर दिपते. कामठी रोडच्या नव्या पुलाखालीही तेच. सिमेंट रस्त्यांवर पांढरे पट्टे मुळातच उठून दिसत नाहीत, त्यात काही ठिकाणी जुने पुसट आणि नवे पट्टे एकमेकांवर. कुठे सिमेंटच्या दोन पट्ट्यांमधला डांबरी जोडच गाडीला लेनची रेघ वाटतो आणि स्टिअरिंग तिकडे ओढलं जातं.

त्यात आपली वाहतूक. ई-रिक्षा उजव्या बाजूनं उलट येते. हातगाडी, सळया बाहेर आलेला ऑटो, कळमन्याकडे संत्री घेऊन निघालेला मेटॅडोर. लोखंडी सळई रडारला नीट दिसत नाही, कॅमेऱ्याला तर रेघेएवढीच. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो माणसं पायी येतात, मारबतीच्या दिवशी महालात रस्ता म्हणजे माणसांचा पूर असतो, पोळ्याला सजवलेले बैल आणि तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन लेकरं रस्त्यावर. झूल आणि फुगे बांधलेला बैल पाहून सॉफ्टवेअरला काय वाटेल याचा भरवसा कुणी देऊ शकत नाही. अशा दिवशी त्या भागात गाडी न नेणं उत्तम, न्यायचीच असेल तर पाय ब्रेकवर आणि नजर मुलांवर.

शहराबाहेर जबलपूरच्या दिशेनं जाताना पेंचच्या जंगलात राष्ट्रीय महामार्ग ४४ वर वन्यप्राण्यांसाठी पुलाखालून मार्ग केले आहेत. पण नीलगाय आणि रानडुक्कर प्रत्येक वेळी तिथूनच जातील असं नाही. बहुतेक यंत्रणा वाहनं, दुचाकी आणि माणसं ओळखायला शिकवलेल्या असतात. अंधारात आडव्या उभ्या जनावरावर त्या थांबतील असं धरून चालू नका.

७. समृद्धीवर

७०१ किलोमीटरचा नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. शिवमडक्याहून चढलं की सरळ, दुभाजकाचा, ठळक पट्ट्यांचा रस्ता. अ‍ॅडाप्टिव्ह क्रूझसाठी यापेक्षा योग्य रस्ता विदर्भात नाही. आणि नेमका म्हणूनच इथे सगळ्यात जास्त जपायला हवं.

कारची वेगमर्यादा ताशी १२० आहे. या वेगात गाडी सेकंदाला ३३ मीटर कापते. फोनवरचा मेसेज वाचायला तीन सेकंद गेले तर शंभर मीटर रस्ता तुम्ही न पाहता ओलांडला. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा वेळ धरला तर कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवरही थांबायला साधारण १३० मीटर लागतात. पावसात याहून जास्त.

इथला खास धोका म्हणजे कडेला किंवा लेनमध्येच उभा राहिलेला ट्रक. हे नीट समजून घ्या. रडारला रस्त्यावर असंख्य स्थिर गोष्टी दिसतात : फलक, कठडे, पुलाचे खांब. त्या प्रत्येकीवर ब्रेक लागला तर गाडी चालवणंच अशक्य होईल, म्हणून अनेक यंत्रणा जास्त वेगात स्थिर गोष्टींकडे दुर्लक्ष करतात. चालत्या ट्रकमागे तुमची गाडी सुंदर हळू होते, त्यामुळे विश्वास बसतो. थांबलेल्या ट्रकच्या वेळी ती काहीच करणार नाही असं होऊ शकतं. यातून सगळ्यात वाईट प्रसंग असा की पुढची कार अखेरच्या क्षणी लेन बदलते आणि तिच्यापुढचा उभा ट्रक अचानक तुमच्यासमोर येतो. क्रूझ तर पुढची गाडी गेली म्हणून वेग वाढवायला लागलेलं असतं. पुढच्या एकाच गाडीवर नजर न ठेवता तिच्या काचेतून, तिच्या बाजूनं, जितकं दूर दिसेल तितकं पाहत राहायची सवय यावर उपाय आहे. आणि वेग शंभरच्या आत.

झोपेचंही तसंच. काहीच करायचं नसलं की डोळे उघडे ठेवूनही माणूस हरवतो. दर दोन तासांनी उतरा, दहा मिनिटं चाला. जेवणानंतर आणि पहाटे तीन ते सहा क्रूझ लावू नका, हात-पाय कामात राहिले तर मन जागं राहतं. स्टिअरिंगवर बाटली अडकवून किंवा वजन लावून ‘हात ठेवा’चा इशारा फसवणारे व्हिडिओ फिरतात. तसं करणारा स्वतःच्याच नव्हे, मागच्या सीटवर झोपलेल्या लेकराच्या जिवाशी खेळतो. गाडी बंद पडली तर पूर्ण कडेला घ्या, हझार्ड लाइट लावा, त्रिकोण बराच मागे ठेवा आणि सगळ्यांना कठड्यापलीकडे उभं करा.

८. गाडी दुसऱ्याच्या हाती देताना

नागपुरात मोठ्या गाड्या बऱ्याच घरी पगारी चालक चालवतात. मालकाला यूट्यूबवरून अ‍ॅडास कळलेलं असतं, चालकाला कुणीच सांगितलेलं नसतं. त्याला अचानक ओढणारं स्टिअरिंग म्हणजे बिघाडच वाटतो आणि तो घाबरून उलट्या दिशेनं जोर लावतो. त्याला शेजारी बसवून, नावानं हाक मारून, त्याच्या भाषेत समजावा. ‘भाऊ, हे लाल दिसलं की ब्रेक तुम्हीच मारायचा, गाडीची वाट पाहायची नाही,’ एवढं वाक्य दहा वेळा सांगितलं तरी हरकत नाही. त्याच्याकडून बंद-चालू करून घ्या. आणि ‘साहेबांना घाई आहे’ म्हणून रात्रभर चालवून सकाळी परत निघायला लावू नका. अ‍ॅडास आहे म्हणून चालकाची झोप कमी करायची, हा मी पाहिलेला सगळ्यात वाईट वापर आहे.

घरातली मुलं लायसन्स मिळाल्यावर हीच गाडी शिकणार असतील तर आधी काही महिने दुसरा गट बंद ठेवून शिकू द्या. ज्याला अंतर राखायची सवयच लागलेली नाही, त्याला क्रूझ अंतर राखतं आहे की नाही हे कळणार कसं?

पोरगा किंवा पोरगी अमेरिकेत असेल आणि तुम्ही तिकडे गेलात, तर फिनिक्स किंवा सॅन फ्रान्सिस्कोत वेमोच्या चालकाविना टॅक्सीत बसायची वेळ येईल. ती लेव्हल ४ ची गाडी, तुम्ही केवळ प्रवासी. पट्टा बांधा, दार उघडण्यापूर्वी मागची सायकल पाहा, बस्स. पण मुलाच्या स्वतःच्या गाडीत ‘सेल्फ-ड्रायव्हिंग’ असं लिहिलेलं असलं तरी रस्ता पाहायची जबाबदारी त्याचीच. त्याला बोलण्यात गुंतवू नका.

९. अपघात झालाच तर

आपल्या कायद्यात ‘गाडीच चालवत होती’ या बचावाला जागा नाही. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार चालकाची जागा घेतलेला माणूसच चालक. हातात फोन धरून चालवणं हे कलम १८४ खाली धोकादायक चालवण्यात येतं, क्रूझ लागलेलं असलं तरीही. निष्काळजीपणातून कुणाचा मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पगारी चालकाकडून अपघात झाला तर नुकसानभरपाईची जबाबदारी मालकापर्यंत येते.

प्रत्यक्ष क्रम असा : आधी जखमीला मदत. १०८ किंवा ११२ वर फोन करा, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ही आहे. जखमीला दवाखान्यात पोहोचवणं आणि पोलिसांना लवकरात लवकर, उशिरात उशिरा २४ तासांच्या आत कळवणं हे कलम १३४ खाली चालकाचं कर्तव्य आहे. विमा कंपनीलाही लेखी कळवा. मदतीला थांबलेल्या अनोळखी माणसाला कलम १३४-अ चं संरक्षण आहे, हे त्याला सांगा म्हणजे तो पळणार नाही.

मग पुरावा. डॅशकॅमचं कार्ड काढून जपून ठेवा. डॅशबोर्डवर इशारा दिसत असेल तर त्याचा फोटो, रस्त्याच्या पट्ट्यांचे फोटो, काचेवर आणि रडारवर चिखल होता का त्याचे फोटो. यंत्रणेनं चुकीचा ब्रेक लावला असं वाटत असेल तर गाडी दुरुस्तीला देण्याआधी लेखी मागणी करा की नोंदवलेली माहिती पुसू नये आणि तिची प्रत मिळावी. दुरुस्तीत मॉड्यूल बदललं की ती गेली. दोष खरोखर उत्पादनातला असेल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये उत्पादकाच्या जबाबदारीचं स्वतंत्र प्रकरण आहे. अपुऱ्या सूचना आणि खोटी हमी हेही त्यात येतं. पण तुम्ही गाडीत परस्पर बदल केले असतील तर तो दावा दुबळा होतो. बाहेरच्या दुकानातून बसवलेलं अ‍ॅडासचं किट म्हणूनच टाळा.

१०. विमा, अपडेट आणि जुनी गाडी

थर्ड पार्टी विमा कलम १४६ प्रमाणे सक्तीचाच आहे. स्वतःच्या गाडीच्या विम्यात कॅमेरा, रडार आणि कॅलिब्रेशनचा खर्च धरला आहे का, ते नूतनीकरणाच्या वेळी लेखी विचारा. साध्या काचेच्या तुलनेत हा खर्च बराच मोठा असतो, आणि तो वाचवण्यासाठीच लोक कॅलिब्रेशन टाळतात.

सॉफ्टवेअर अपडेट आला की त्यात काय बदललं ते वाचा. ब्रेकचा किंवा अंतराचा स्वभाव बदलला असेल तर पुन्हा मोकळ्या रस्त्यावर थोडा सराव करा. वर्षातून एकदा कंपनीच्या संकेतस्थळावर चासी नंबर टाकून रिकॉल आहे का ते पाहा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सदोष वाहनं परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार कलम ११०-अ खाली केंद्र सरकारला आहे.

अ‍ॅडासची जुनी गाडी घेणार असाल तर टेस्ट ड्राइव्हला गाडी सुरू करतानाच डॅशबोर्डवर कुठली खूण विझत नाही ते पाहा. काचेच्या कोपऱ्यातला कंपनीचा शिक्का बाकीच्या काचांशी जुळतो का बघा. जुळत नसेल तर काच बदललेली आहे, आणि मग कॅलिब्रेशनचं बिल मागा. पुढचा बंपर रंगवलेला असेल तर रडारवर जाड थर बसला नाही ना, ते सर्व्हिस सेंटरमधून तपासून घ्या. तुम्ही विकत असाल तर आपलं अ‍ॅप-खातं गाडीतून काढून टाका आणि काच, बंपर, कॅलिब्रेशनची सगळी बिलं आरसी बुकसोबत नव्या मालकाच्या हाती द्या.